पोटात बाळ असताना गोळ्या घ्याव्यात का? मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरमागे उभी राहून एकवीस वर्षं झाली. या काळात गरोदर बायकांनी, त्यांच्या आयांनी, सासूबाईंनी आणि गाडी चालूच ठेवून घाईत आत आलेल्या नवऱ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुठली गोळी सुरू करायची, कुठली बंद करायची, किती घ्यायची हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. मला मात्र एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. न विचारता गोळी घेणं धोक्याचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. न विचारता गोळी बंद करणंही तितकंच धोक्याचं आहे, हे फार थोड्या घरांत बोललं जातं.

गरोदरपणात औषधं चालतात की नाही, एका शब्दात सांगा ना?

एका शब्दात सांगता येत नाही, ताई. औषध कुठलं, महिना कितवा, डोस किती आणि मुख्य म्हणजे आजार काय, या चार गोष्टी बघितल्याशिवाय उत्तर देणारा माणूस अंदाज सांगतोय असं समजा. आईने नऊ महिन्यांत एकही गोळी घेतली नाही तरी शंभरातल्या दोन ते तीन बाळांमध्ये जन्मतः काही ना काही मोठा दोष सापडतो. त्यामुळे ‘धोका शून्य’ असं कोणीच म्हणू शकत नाही. डॉक्टर बघतात ते एवढंच, की औषधाने हा धोका वाढतो का, आणि औषध न घेतल्याने त्याहून जास्त वाढतो का.

सगळ्यात जपायचे दिवस कोणते?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात बाळाचे अवयव घडतात. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आसपास मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तेव्हा. बऱ्याच जणींनी तोवर डॉक्टरांना दाखवलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून सुरू करायला सांगतात. रोजची ४०० मायक्रोग्रॅम बहुतेकींना पुरते. मधुमेह असेल, फिटचं औषध चालू असेल किंवा आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा दोष असेल, तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात.

पुढचे महिने मोकळे असतात असं नाही. काही औषधांचा त्रास पाचव्या-सहाव्या महिन्यानंतरच सुरू होतो. ती खाली येतील.

दिवस गेलेत हे माहीत नव्हतं, तोवर गोळ्या घेऊन झाल्या. आता गर्भ पाडायचा का?

हा प्रश्न मला नेहमी हळू आवाजात विचारला जातो, आणि बहुतेक वेळा घरी निर्णय होऊन गेलेला असतो. कृपा करून तो तिथेच थांबवा. सर्दी-तापाची, ॲसिडिटीची, साध्या ॲन्टिबायोटिकची गोळी घेतली गेली म्हणून गर्भ पाडायची वेळ क्वचितच येते. गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक औषधांबाबत असं होतं, की इजा मोठी असली तर गर्भ टिकतच नाही आणि टिकला तर व्यवस्थित वाढतो. शरीरात फार दिवस रेंगाळणारी काही औषधं याला अपवाद आहेत.

करायचं एवढंच. रिकामा पत्ता फेकू नका. शेवटच्या पाळीची तारीख, गोळी कधीपासून कधीपर्यंत घेतली आणि किती घेतली, हे कागदावर लिहा आणि घेऊन जा. डॉक्टर आठवड्यांचा हिशेब लावतील. लागलंच तर १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराला होणारी ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही दोष आहे का हे बघणारी सोनोग्राफी, जास्त बारकाईने करायला सांगतील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. कुठूनतरी गर्भपाताचं किट आणून परस्पर घेतलं आणि गर्भ राहिलाच, तर ते लपवू नका. त्यातल्या मिसोप्रोस्टॉलने बाळात दोष येऊ शकतात, आणि अर्धवट गर्भपातात रक्तस्राव जिवावर बेततो. कोणी काय बोलेल याची काळजी नंतर करा, आधी दवाखाना गाठा.

अजिबात चालत नाहीत अशी औषधं कोणती?

मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन सगळ्यात वर. कॉलेजच्या आणि नव्याने लग्न झालेल्या मुली ते सहज घेतात. शेवटच्या गोळीनंतर निदान एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. संधिवात आणि सोरायसिससाठीचं मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या काही महिने आधीच डॉक्टरांच्या सांगण्याने थांबवावं लागतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा धोका सहाव्या ते बाराव्या आठवड्यात जास्त असतो. त्याऐवजी हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, कारण हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. पण हृदयात कृत्रिम झडप असेल तर हा बदल घरी करायचा नाही, हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर मिळून करतात. डॉक्सिसायक्लिनच्या गटातल्या ॲन्टिबायोटिकने बाळाचे दात पिवळट होतात. गोरं होण्यासाठी म्हणून मेडिकलमधून सर्रास नेली जाणारी, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमंही या काळात नकोत.

बीपीची गोळी आधीपासून चालू आहे. ती घेऊ की नको?

बीपीची गोळी हवीच, पण बहुधा वेगळी. आपल्याकडे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या घरोघर आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत या गटाने बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते आणि गर्भजल कमी होतं. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच, किंवा राहायच्या आधीच, डॉक्टर लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपावर बदलून देतात. बदल एक-दोन दिवसांत व्हायला हवा. जुनी बंद आणि नवी अजून सुरू नाही, अशा मधल्या अवस्थेत आठवडे काढू नका.

काही जणी चिठ्ठी घेऊन येतात आणि घाबरून विचारतात, ‘ही तर हार्टची गोळी, मला का लिहिली?’ ती कमी डोसची ॲस्पिरिन असते, ७५ ते १५० मिलिग्रॅम. ज्यांना गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त, त्यांना साधारण बाराव्या आठवड्यापासून ती देतात. दुखण्यावर घ्यायची मोठ्या डोसची ॲस्पिरिन वेगळी. दोन्हींचं नाव एक, पण काम वेगळं आहे.

फिट येतात. गोळीने बाळाला त्रास होईल म्हणून बंद केली तर?

नको. हे उत्तर मी जरा लांब देणार आहे.

म्हसरूळची एक मुलगी दर महिन्याला माझ्याकडून फिटची गोळी न्यायची. मग दोन महिने आलीच नाही. दुसरीकडून घेत असेल असं मला वाटलं. तिसऱ्या महिन्यात तिची आई टाक्यांवरचं मलम न्यायला आली, तेव्हा कळलं. दिवस राहिल्यावर शेजारणीने सांगितलं, ‘डोक्याच्या गोळ्या पोटातल्या लेकराला लागतात’, आणि हिने गोळ्या बंद केल्या. न्हाणीघरात फिट आली, डोकं फरशीवर आपटलं. मूल वाचलं, तीही वाचली. नेहमीची बाई दोन महिने दिसली नाही तर मी चौकशी करायला हवी होती. आता माझ्या वहीत अशी नावं असतात आणि मी फोन करते.

मोठी फिट आली की आईच्या शरीरातला प्राणवायू घटतो, बाळाचाही घटतो. पडून मार लागतो. एकामागून एक फिट आल्या तर दोघांचा जीव जातो.

गोळी कुठली, याने मात्र फार फरक पडतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या साधारण दहात एका बाळाला जन्मतः मोठा दोष असतो, आणि दहातल्या तीन-चार मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, समजण्यात अडचणी येतात. एवढा मोठा धोका दुसऱ्या फारशा गोळ्यांत नाही. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटॅम त्यामानाने खूपच सुरक्षित ठरल्या आहेत. म्हणून लग्न ठरलं की किंवा मूल हवं असं वाटलं की मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, बदल निवांतपणे होऊ शकतो. व्हॅल्प्रोएटवर असतानाच दिवस राहिले, तरी एका रात्रीत गोळी सोडू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण गरोदरपणात खाली येतं आणि डोस वाढवावा लागतो. ‘पोटुशी असताना डोस कमी करायचा सोडून वाढवला कसा?’ असं सासूबाई विचारतात, तेव्हा हे कारण सांगा. फिटच्या गोळीचा ब्रँडही सारखा बदलू नका. कधी गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्यांकडेही तो ब्रँड नसतो आणि दुकानदार दुसरा काढून देतो. घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

थायरॉइड, शुगर आणि दमा?

थायरॉइडची गोळी चालूच ठेवायची. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असते. बहुतेकींचा डोस पाव ते एक तृतीयांशाने वाढवावा लागतो, म्हणून दिवस राहिल्याचं कळताच टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. पहाटे उपाशीपोटी घ्या आणि लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. तिन्ही गोळ्या एकत्र गिळून ‘डोस लागूच पडत नाही’ म्हणणाऱ्या कित्येक जणी मी पाहिल्या आहेत.

शुगरसाठी इन्सुलिन बाळापर्यंत जात नाही. मेटफॉर्मिन जातं, तरी ते आज मोठ्या प्रमाणावर दिलं जातं. बाकीच्या शुगरच्या गोळ्या डॉक्टर बहुधा बदलतात. ‘इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही’ ही भीती इथे खरी नाही, कारण गरोदरपणातच वाढलेली शुगर बहुतेकींची बाळंतपणानंतर उतरते.

दम्याचा पंप सोडू नका. आईचा श्वास कोंडला तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो. सॅल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइडचे पंप वर्षानुवर्षं गरोदर बायकांना दिले जात आहेत.

द्राक्षाच्या मळ्यात दिवसभर हात वर करून कंबर भरून येते. अंगदुखीची गोळी घेऊ का?

दिंडोरी-निफाडकडे विरळणीच्या आणि डिपिंगच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. मांडवाखाली उभं राहून मान-पाठ जाते आणि संध्याकाळी कोणीतरी पिशवीतून एक गोळी काढून देतं. ती बहुतेकदा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा नायमेसुलाइडची असते. गरोदर असाल तर ती घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी बाळाची मूत्रपिंडं मंदावतात आणि गर्भजल घटतं. सातव्या महिन्यानंतर तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी आधीच मिटू शकते. एकदा चुकून घेतली गेली असेल तर घाबरू नका, फक्त पुन्हा घेऊ नका आणि डॉक्टरांना सांगा.

ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल हीच आजही पहिली निवड आहे, लागेल तेवढीच आणि लागतील तेवढेच दिवस. तिच्याने मूल ऑटिस्टिक होतं, असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध त्यात दिसला नाही. उलट पहिल्या महिन्यांत अंगात फणफणता ताप तसाच ठेवणंच बाळाला बाधतं. सर्दीच्या एका गोळीत तीन-चार औषधं असतात आणि त्यातही बरेचदा पॅरासिटॅमॉल असतंच. दोन्ही घेतल्या तर डोस नकळत दुप्पट होतो.

पाचव्या महिन्यानंतर डोकं जोराने दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा-हात सुजलेत, तर गोळी मागू नका. आधी बीपी मोजून घ्या, त्याच तासात.

मळ्यात फवारणी चालू असेल तर प्लॉटमध्ये थांबू नका, हेही इथेच सांगून ठेवते.

उलट्या थांबत नाहीत. गोळीची भीती वाटते.

भीती कुठून आली ते मला कळतं. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ पासून पश्चिम जर्मनीत मिळू लागलं, पुढे बऱ्याच देशांत पसरलं. गरोदर बायकांना मळमळीवरही ते दिलं गेलं. १९६१ च्या अखेरीस ते तिथे मागे घेतलं गेलं, पण त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांचे आणि इतर दोष घेऊन जन्मली, असा अंदाज आहे. औषधं गरोदरपणात तपासून बघायला हवीत, हे जग तिथे शिकलं.

दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६, यांची मळमळीवरची गोळी अमेरिकेत कोर्टकज्ज्यांमुळे १९८३ मध्ये बाजारातून गेली. बाळांतले दोष काही कमी झाले नाहीत. वाढलं ते उलट्यांमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्या बायकांचं प्रमाण. अखेर २०१३ मध्ये तेच औषध तिथे परत मंजूर झालं. आपल्याकडे डॉक्टर आज सर्वात आधी बहुधा हीच गोळी लिहितात. ती लिहून दिली असेल तर निश्चिंत मनाने घ्या. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर सलाईन लागेल. वाट बघू नका.

लघवीला जळजळ होते. ॲन्टिबायोटिक नको म्हणून बार्ली वॉटर पिते, चालेल?

बार्ली प्या, पण तपासणीही करा. लघवीतलं इन्फेक्शन वर मूत्रपिंडापर्यंत गेलं तर ताप येतो आणि कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात. अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन यांसारखी औषधं या काळात नेहमी दिली जातात. पत्त्यावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. आणि पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत सोडू नका.

टीबीची औषधं चालू आहेत.

चालूच राहतील. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल ही गरोदरपणातही देतात, सोबत बी६ ची गोळी. स्ट्रेप्टोमायसिन देत नाहीत, त्याने बाळाच्या कानांना इजा होते. एचआयव्हीच्या गोळ्यांमध्ये एक दिवसाचाही खाडा नको, त्यांच्यामुळेच बाळ संसर्गापासून वाचतं. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलींना सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया चालू असेल, तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोला.

नैराश्याची गोळी घेते, घरात कोणाला माहीत नाही.

घरात सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. प्रसूतीच्या डॉक्टरांना मात्र सांगा. सर्ट्रालिनसारख्या गोळ्या गरज असेल तर गरोदरपणात चालू ठेवतात. लिथियम असेल तर लक्ष जास्त ठेवावं लागतं. अचानक सोडल्यावर आजार उलटतो. मग जेवण तुटतं, झोप तुटते, कधी जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत जातं. मनाचा आजारही आजारच आहे, त्याची गोळी ‘नसती सवय’ नाही.

आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्यांनी पोट बिघडतं.

त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या असतात. शी काळी होते, त्याला घाबरू नका. चहा-दुधाबरोबर घेऊ नका, लिंबू सरबत किंवा पेरूबरोबर घ्या. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. तरीही सोसत नसेल तर गोळी बदलून मिळते. न घेता डब्यात साठवलेल्या गोळ्यांचा काहीच उपयोग नाही.

आयुर्वेदिक तर चालतं ना? आणि मुलगा होण्याचं औषध?

‘झाडपाल्याचं’ म्हणजे निर्धोक, असं नाही. अश्वगंधा, कोरफडीचा रस, सोनामुखी, कळा याव्यात म्हणून एरंडेल, यातलं काही परस्पर घेऊ नका. भस्मांच्या बाबतीत तर फार जपा. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि त्या सगळ्या आयुर्वेदिक गोळ्या घेत होत्या. वैद्यांकडे जायचं असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा, आणि दोन्हीकडची औषधं दोन्हीकडे सांगा.

मुलाच्या औषधाबद्दल मला राग आवरत नाही. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात, अवयव घडत असताना, कसलीतरी पुडी गायीच्या दुधातून द्यायची आणि वर पैसे घ्यायचे! सून नको म्हणत असेल तर तिच्या बाजूने उभे राहा.

नेटवर ‘कॅटेगरी सी’ लिहिलंय, तरी डॉक्टरांनी तीच दिली.

औषध गरोदरपणात कितपत चालतं हे दाखवणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं अमेरिकेत १९७९ साली आली. लोक त्यांचा अर्थ शाळेतल्या गुणांसारखा लावतात, म्हणून २०१५ पासून तिथेच ती काढायला सुरुवात झाली. ‘सी’ म्हणजे बहुतेकदा एवढंच, की माणसांवरची माहिती पुरेशी नव्हती. शंका मनात ठेवून गोळी कचऱ्यात टाकण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही का दिली, हिच्याशिवाय चालेल का?’ चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

पैसे कमी आहेत. नाशिकमध्ये कुठे दाखवू?

त्र्यंबक रोडचं सिव्हिल, नाशिकरोडचं बिटको, महापालिकेचं झाकिर हुसेन रुग्णालय, किंवा तुमच्या जवळचं आरोग्य केंद्र. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. सरकारी रुग्णालयात गरोदरपणातली औषधंही मोफत मिळतात. बाहेरून घ्यायचीच झाली तर जनऔषधी दुकानात तोच घटक, तेवढाच डोस बघून घ्या. औषधाने काही विपरीत झालंय असं वाटलं, तर आधी डॉक्टर आणि मग १८००-१८०-३०२४ हा सरकारी मोफत क्रमांक. तिथे तुम्ही स्वतःही नोंद करू शकता.

दुकानात गर्दी असते. गरोदर आहे हे सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटतो.

समजतं मला. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये, असं घरी बजावलेलं असतं. मग काउंटरवर नुसतं ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटलं जातं, आणि मला काही कळायला मार्ग नसतो. कागदाच्या कपट्यावर ‘दुसरा महिना’ एवढंच लिहा आणि चिठ्ठीबरोबर पुढे सरकवा. नवऱ्याला पाठवत असाल तर त्याच्या हातीही तोच कपटा द्या. मी वाचते, मान हलवते आणि त्याप्रमाणे गोळी बघते.